गाडीतला खर्ज आणि चालकाचा कान



या मालेच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे छापलेला विषय पाहून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार संघटनेचा माणूस बोनसवर बोलेल, पगारवाढीवर बोलेल, फार तर कायद्यावर बोलेल. मोटारीतल्या सबवूफरशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो सरळ आहे. मी ज्या लोकांत काम करतो ते टॅक्सीवाले, टेंपोवाले, शाळेच्या गाड्या चालविणारे आणि कंपन्यांची माणसे ने-आण करणारे चालक आहेत. त्यांतले कित्येक जण दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास गाडीत बसून काढतात. गिरणीकामगाराला गिरणी तशी चालकाला गाडी. ते त्याचे कामाचे ठिकाण आहे. कामाच्या ठिकाणी कोणता आवाज असावा, किती असावा आणि त्यासाठी घामाचे पैसे कसे खर्च करावेत, हा कामगाराचाच प्रश्न आहे.

माझे शाळेतले शिक्षण थोडे झाले. वीज, आवाज, अंकगणित यांविषयी जे काही मला कळते, ते रात्री वाचनालयातली पुस्तके चाळून आणि मिस्त्री लोकांच्या शेजारी बसून कळलेले आहे. म्हणून शास्त्रज्ञाच्या भाषेत मी बोलणार नाही. तीनच गोष्टी सांगावयाच्या आहेत. गाडीतला खर्ज म्हणजे काय, तो विकत घेताना काय पाहावे, आणि घेतल्यावर तो प्रमाणात कसा ठेवावा. त्यानंतर कानाविषयी चार शब्द बोलेन.

दुकानात ज्याला ‘बेस’ म्हणतात, त्याला आपल्या गवयांनी पूर्वीपासून खर्ज हे नाव दिलेले आहे. तंबोऱ्याच्या चार तारांतली शेवटची, पितळेची जाड तार ती खर्जाची. पुरुष गवयाने काळी एक पट्टी धरली तर ही तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. कंपनांच्या या मापाला हर्ट्झ म्हणतात. तरुण, निरोगी माणसाच्या कानाला साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर १०० ते १५० च्या आसपास असतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदातल्या बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची असते. सबवूफर नावाचे जे यंत्र आहे त्याचे काम सुमारे ८० हर्ट्झच्या खालचे आवाज वाजविण्याचे. म्हणजे अभंग किंवा भावगीत ऐकणाऱ्याला त्याची गरज बेताचीच. डग्ग्याची घुमक आणि ढोलाचा ठोका यांची भर ते घालते. ज्याला आजची नाचाची गाणी आवडतात त्याला मात्र त्यावाचून गाणे अर्धे वाटते. दोन्ही आवडी खऱ्या आहेत. आपली आवड कोणती हे आधी ठरवावे, मग दुकानाची पायरी चढावी.

आता आवाजाची लांबी पाहू. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो. तेव्हा १,००० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साडेचौतीस सेंटिमीटरची होते, १०० हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटरची, आणि २० हर्ट्झची सतरा मीटरांहून लांब, म्हणजे एका मोठ्या बसपेक्षाही लांब. बारीक आवाज कोठून येतो हे आपले दोन कान चटकन ओळखतात. या लांबलचक लाटांची दिशा मात्र कानाला नीट उमगत नाही. म्हणूनच सबवूफर डिकीत ठेवला तरी चालतो, आणि नीट जुळविलेला असेल तर खर्ज पुढच्या काचेकडूनच येतो आहे असे वाटते. तो पाठीमागून येतो असे जाणवू लागले, तर जुळवणीत कोठेतरी खोट आहे असे खुशाल समजावे.

या लाटांच्या लांबीतूनच गाडीवाल्याला एक लाभ मिळतो. लहान मोटारीच्या आतली लांबी पावणेतीन मीटर धरा. सुमारे ६३ हर्ट्झच्या खाली आवाजाची अर्धी लाटही त्या जागेत मावत नाही. मग लाट अशी धावतच नाही. सबवूफरचा पडदा पुढे आला की गाडीतली सगळी हवा एकदम दाबली जाते, मागे गेला की सैल होते. सायकलच्या पंपासारखा हा प्रकार आहे. त्यामुळे जसजसे खाली जावे तसतसा खर्ज आपोआप वाढतो. हिशेबाने हा लाभ कंपने निम्मी झाली की १२ डेसिबल इतका असतो; प्रत्यक्षात पत्रा लवतो, फटींतून हवा जाते, म्हणून थोडा कमी मिळतो. तथापि घराच्या दिवाणखान्यात जो खर्ज मिळविण्यास मोठे पेटारे लागतात, तो गाडीत एका लहानशा पेटीतून निघतो, तो याच कारणाने.

हे ज्ञान आकाशातून पडलेले नाही. आजच्या ध्वनिवर्धकाचे मूळ रूप अमेरिकेत राईस आणि केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ साली मांडले. १९३० साली गॅल्विन यांच्या कारखान्याने मोटारीतला रेडिओ बाजारात आणला, आणि मोटोरोला हे नाव तेथूनच पुढे प्रसिद्धीस आले. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी दाखवून दिले की, पेटी घट्ट बंद करून आतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरले, तर लहान पेटीतूनही खोल खर्ज काढता येतो. १९६१ साली ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी, आणि पुढे सत्तरीच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी, कोणत्या ध्वनिवर्धकाला केवढी पेटी लागेल याचे गणित बसविले. आज चांगल्या सबवूफरबरोबर आकड्यांचा एक कागद येतो, तो या दोघांच्या नावाने ओळखला जातो. दुकानात डब्याला कान लावण्याआधी हा कागद मागावा. जो माल हा कागद देत नाही, त्याला कोणती पेटी योग्य हे सांगण्यास कोणापाशीच आधार नसतो.

आता बाजारात जाऊ. तेथे पहिली गाठ पडते ती वॅटशी. डब्यावर मोठ्या अक्षरांत हजार, दोन हजार, पाच हजार वॅट छापलेले असते. कामगाराला एक गोष्ट ठाऊक असते की, पगारपत्रकावर मोठी रक्कम छापली म्हणून हातात तेवढी पडते असे नाही. कपातीनंतर काय उरते ते पाहावे लागते. वॅटचे अगदी तसेच आहे. डब्यावरचा मोठा आकडा क्षणभराच्या शिखराचा असतो. सतत किती शक्ती मिळते तो आकडा निराळा, आणि तो बारीक अक्षरांत, आरएमएस या नावाने छापलेला असतो. जेथे तो छापलेलाच नाही, तेथे काय समजायचे ते समजावे.

साधा हिशेब करून पाहा. चालू गाडीत विजेचा दाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. डॅशबोर्डातल्या साध्या स्टिरिओला यापेक्षा जास्त दाब मिळत नाही, आणि त्याला ४ ओहमचा ध्वनिवर्धक जोडलेला असतो. १४.४ चा वर्ग करून ४ ने भागले की येतात ५२ वॅट. चार ध्वनिवर्धकांचे झाले २०८. लागली डब्यावर ‘दोनशे वॅट’ची पट्टी. परंतु हे गणित सगळा वेळ दाब शिखरावरच राहील असे धरून केलेले आहे, आणि गाण्याची लाट तशी नसते. स्वच्छ स्वरासाठी याच्या निम्मे म्हणजे २६ वॅट ही वरची मर्यादा, आणि यंत्रातली घट वजा जाता हाती येतात अठरा-वीस. पंचवीस-पन्नास रुपयांच्या गल्लतीसाठी आपण भाजीवाल्याशी वाद घालतो. येथे दोनशेच्या जागी ऐंशी मिळतात आणि कोणी विचारीत नाही.

वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर तो आतल्या आत दाब वाढवितो, म्हणून जास्त शक्ती देऊ शकतो. पण तीही आकाशातून येत नाही, बॅटरीतूनच येते. तेव्हा खरेखोटे ओळखण्याची खूण त्याच्या अंगावरच असते. ती म्हणजे फ्यूज. आमच्या एका सभासदाने दोन हजार वॅटचा म्हणून एक अ‍ॅम्प्लिफायर आणला. दुकानदार कोण ते सांगण्याचे कारण नाही. युनियनच्या कचेरीत टेबलावर ठेवून आम्ही त्याचा फ्यूज पाहिला, तो निघाला १० अँपिअरचा. दहाला १३.८ व्होल्टने गुणले की १३८ वॅट होतात. ज्या दारातून सतत १३८ च आत येऊ शकतात, तेथून दोन हजार बाहेर पडतील कसे? उलट ज्यावर ३० अँपिअरचा फ्यूज आहे, तो ४१४ वॅट आत घेतो, आणि आजच्या डी वर्गाच्या रचनेत त्यातले सुमारे आठ दशांश, म्हणजे तीनशेच्या थोडे वर, बाहेर देतो. एवढा गुणाकार चौथीतले पोरही करील. अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संस्थेने मोटारीतल्या अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती कशी मोजावी याचे माप २००३ साली ठरविले: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, आणि बिघाड एक टक्क्याच्या आत. हे माप पाळलेला माल मिळाला तर तो अवश्य पाहावा.

शक्तीच्या मागे धावण्याआधी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट वाटावा असे म्हटले तर सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. म्हणून दोन ध्वनिवर्धकांत एकाची संवेदनक्षमता ८७ आणि दुसऱ्याची ९० डेसिबल लिहिलेली असेल, तर दुसरा निम्म्या विजेत पहिल्याइतके काम करतो. कागदावरचा हा लहानसा आकडा पुष्कळदा हजार वॅटच्या जाहिरातीपेक्षा अधिक मोलाचा ठरतो.

आकाराविषयी असे की, १२ इंची पडद्याचे क्षेत्रफळ ८ इंचीच्या सव्वादोन पट असते. तेवढीच हवा हलवायची तर लहान पडद्याला तितके जास्त पुढेमागे धावावे लागते. तरीपण चारपाच माणसांच्या गाडीला एक चांगला १० इंची सबवूफर पुरतो. ८ इंचीवरही पुष्कळांचे समाधान होते. पेट्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एक घट्ट बंद, दुसरी भोक आणि नळी असलेली. नळीची पेटी तेवढ्याच विजेत जास्त आवाज देते, परंतु ती मोठी लागते, आणि नळीच्या सुराच्या खाली गेले की तिच्यातला पडदा मोकाट सुटतो. बंद पेटी आवाज थोडा कमी देते, पण तिचा ठोका नेमका असतो. शिवाय बंद पेटीचा खर्ज कंपने निम्मी झाली की १२ डेसिबलने उतरतो, आणि मघाशी सांगितलेला गाडीतल्या हवेचा लाभ जवळपास त्याच मापाने चढतो. उतार आणि चढ एकमेकांना बऱ्याच अंशी फेडतात. म्हणून ज्याला सगळ्या प्रकारचे गाणे ऐकायचे आहे, त्याला मी लहान बंद पेटी सुचवितो. ती १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफची किंवा चांगल्या प्लायची असावी, आणि सांधे हवाबंद असावेत.

आमच्या टॅक्सीवाल्यांची अडचण वेगळी आहे. मुंबईची जुनी काळीपिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, पण तिच्या जागी आलेल्या गाड्यांच्याही डिकीत सीएनजीची टाकी असते. तेथे पेटी ठेवली तर उतारूचे सामान कोठे ठेवावे? अशांसाठी आसनाखाली बसणारे, अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेले पातळ सबवूफर मिळतात. ते २० हर्ट्झ वाजवीत नाहीत, वाजविण्याची गरजही नाही. मात्र हात जोडून सांगतो, गॅसच्या टाकीजवळ किंवा नळीजवळ पेटी बसविण्यासाठी छिद्र पाडू नका आणि टाकीच्या पट्ट्यांना काहीही बांधू नका.

वायरीचे प्रकरण यापेक्षाही गंभीर आहे. तीनशे वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात चालला तर सुमारे २७ अँपिअर ओढतो. पुढच्या दोन्ही दिव्यांना मिळून ८ अँपिअर लागतात, यावरून अंदाज करा. असली वायर बॅटरीपासून थेट न्यावी लागते, आणि तिच्यावर बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज हवाच. हा फ्यूज यंत्रासाठी नसतो. वायर पत्र्यावर घासून उघडी पडली तर आग लागू नये म्हणून असतो. बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर तांब्याची म्हणून विकली जाते. सुरीने टोक खरवडले की आत पांढरे दिसते. ती वापरायचीच तर जाड वापरावी. अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंगची वायर आखूड ठेवावी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्याला घट्ट आवळावी. सबवूफरला दोन कॉइल असल्या आणि प्रत्येकी ४ ओहमच्या असल्या, तर समांतर जोडल्यावर २ ओहम होतात, एकापुढे एक जोडल्यावर ८. अ‍ॅम्प्लिफायर कितीपर्यंत झेपतो ते वाचल्याशिवाय जोडणी करू नये.

आता प्रमाणाकडे येऊ. संगतीच्या वेळी डग्गा घुमवायचा असतो, पण गायकाचा शब्द बुडवायचा नसतो. हे ज्या तबलजीला कळत नाही त्याला दुसऱ्या दिवशी बोलावणे येत नाही. गाडीत तबलजी आपणच.

पहिली पायरी म्हणजे सबवूफर बंद करून दारातले ध्वनिवर्धक तपासावेत. गाडीत खर्ज नाही अशी तक्रार पुष्कळदा एका उलट्या वायरीमुळे असते. एका दाराचा पडदा पुढे येतो त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे जात असेल, तर दोघे एकमेकांचा खर्ज मारतात. जोडणी सोडून दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावून पाहावा. दोन्ही पडदे एकाच दिशेने हलले पाहिजेत. दारातली मोठी भोके बुजवावीत, पत्र्याला डांबरी पट्टी चिकटवावी. एवढ्यावरच काहींचे काम भागते आणि सबवूफरचे पैसे वाचतात. दुसरी पायरी, वाटणीची. ८० हर्ट्झच्या वरचे दारांकडे आणि खालचे सबवूफरकडे अशी वाटणी लावावी. प्रत्येक यंत्रावर ती खूण असते. दारांवरचा खर्जाचा भार उतरला की गाणाऱ्याचा आवाजही मोकळा होतो.

तिसरी पायरी ‘गेन’ची. अ‍ॅम्प्लिफायरवरचे हे बटण आवाज वाढविण्यासाठी आहे असा सार्वत्रिक गैरसमज आहे. स्टिरिओकडून येणारा दाब आणि अ‍ॅम्प्लिफायरची ताकद यांचा मेळ घालण्यासाठी ते असते. बेस-बूस्ट नावाचे सगळे बटण बंद करावे, सबवूफरची वायर सोडावी, स्टिरिओ पाऊण ठेवून ५० हर्ट्झचा चाचणीचा सूर लावावा आणि मीटरने दाब मोजावा. वॅटला ओहमने गुणून वर्गमूळ काढले की हवा तो दाब मिळतो. तीनशे वॅट आणि ४ ओहमला तो ३४.६ व्होल्ट. तेथे पोचले की थांबावे. त्याच्या पुढे लाटेची शिखरे कापली जातात, आवाज फाटतो आणि कॉइल जळते. सबवूफर जळाला म्हणून माल बदलून मागणाऱ्यांपैकी अनेकांनी तो असाच जाळलेला असतो.

चौथी पायरी जुळणीची. चालकाच्या जागेवर बसून डग्गा किंवा ढोल असलेले ओळखीचे गाणे लावावे आणि सबवूफरच्या दोन वायरी उलटसुलट करून पाहाव्यात. ज्या जोडणीत ठोका भरीव वाटेल ती ठेवावी. डिकी आपल्यापासून दूर आणि दार जवळ असते. अंतरातला फरक १.२ मीटर असला तर डिकीतला आवाज साडेतीन हजारांश सेकंद उशिरा पोचतो. नव्या स्टिरिओत दाराला तेवढा उशीर लावण्याची सोय असते, ती वापरावी. पाचवी आणि शेवटची पायरी म्हणजे सबवूफरचा आवाज शून्यापासून हळूहळू वाढवीत न्यावा, तो वेगळा कळू लागला की किंचित मागे घ्यावा. मग गाडी रस्त्यावर काढून पुन्हा ऐकावे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर चालताना त्याचा स्वतःचा सूर ८० हर्ट्झचा असतो. चाकांची घरघरही खालच्याच पट्टीत असते. ती खर्ज झाकून टाकते, म्हणून धावत्या गाडीत तो मधल्या आवाजांपेक्षा साधारण ६ ते १० डेसिबल वर ठेवावा लागतो. सिग्नलला उभे राहिल्यावर तोच जास्त वाटतो. तेव्हा कमी करण्याचे बटण हाताशी असावे.

कानाचा आणखी एक स्वभाव येथे सांगावयास हवा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली प्रयोगाने दाखविले की, आवाज लहान असताना खर्जाच्या बाबतीत कान फार मंद असतो. आवाज मोठा केला की ही मंदता कमी होते. म्हणूनच गाणे मोठे केले की भरदार वाटते आणि हात पुन्हापुन्हा त्या बटणाकडे जातो. यावर उपाय असा की, हळू ऐकताना खर्ज थोडा चढवावा आणि एकूण आवाज आहे तेथेच ठेवावा. पुष्कळ स्टिरिओंवर ‘लाउडनेस’ची कळ असते ती याचसाठी. नीट जुळविलेल्या खर्जाचा खरा फायदा हाच आहे, की कमी आवाजातही गाणे पोट भरून ऐकता येते.

आता कानाविषयी बोलतो, आणि हेच सांगण्यासाठी मी मुख्यतः आलो आहे. कारखाना कायद्याखालील नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा धरलेली होती, आणि गोंगाटाने आलेला बहिरेपणा त्या कायद्याच्या रोगांच्या यादीत होता. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस याहून कडक आहे: ८५ डेसिबलांना ८ तास, आणि दर ३ डेसिबलांमागे वेळ निम्मी. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पाव तास. आपल्या गाडीत बसलेला चालक कारखान्यात मोडत नाही. त्याच्या कानाची तपासणी करावयास कोणी निरीक्षक येत नाही. त्याचे आठ तास बारा होतात, ते मोजण्यासही कोणी नसतो. तेव्हा ही मोजणी त्याने स्वतःच केली पाहिजे.

येथे एक फसवी गोष्ट आहे. आवाज मोजण्याचे जे नेहमीचे ‘ए’ माप आहे, ते कानाच्या स्वभावाप्रमाणे खर्ज वजा करून दाखविते. ५० हर्ट्झला ही वजावट ३० डेसिबलांची असते. म्हणजे ११५ डेसिबलांचा दणका मीटरवर ८५ च दिसतो. तेथे ‘सी’ माप लावले तर खरा आकडा कळतो. मिरवणुकीतल्या भिंतींविषयी, रात्रीच्या गाड्यांविषयी नागरिक तक्रार करतात, त्या वेळी छाती हादरत असते आणि मीटर मात्र सभ्य आकडा दाखवितो, याचे एक कारण हे आहे. शिवाय घराची भिंत बारीक आवाज अडविते, खर्ज फारसा अडवीत नाही. गाडीतल्या माणसाला गाणे ऐकू येते. वरच्या मजल्यावरच्या आजाऱ्याला नुसती धडधड ऐकू येते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. कायद्याचा धाक बाजूला ठेवला, तरी पहाटे पाळी संपवून आलेल्या कामगाराची झोप ही काही फुकटची वस्तू नाही.

आवाजाने कान बिघडतो तेव्हा तो प्रथम खर्जाला बहिरा होत नाही. पहिली खाच पडते ती ४,००० हर्ट्झच्या आसपास. स, श, च, फ ही अक्षरे पुसट होऊ लागतात. माणूस म्हणतो, ऐकू येते पण कळत नाही. कानात शिट्टी वाजू लागते आणि ती झोपेतही सोडीत नाही. गेलेला कान औषधाने परत येत नाही. खर्ज बेसुमार असला की तो वरचे आवाज झाकतो. शब्द ऐकू यावेत म्हणून माणूस सगळाच आवाज चढवितो, आणि नुकसान तेथे होते. त्याच वेळी मागून येणारी रुग्णवाहिका ऐकू येत नाही. तिला वाट न देण्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीपासून १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण दंडापेक्षा त्या रुग्णवाहिकेत कोण आहे हा प्रश्न मोठा.

ज्यांच्याविषयी कोणी बोलत नाही असा आणखी एक वर्ग आहे. गाड्यांना हे सामान बसविणारी मुले. बंद शटरच्या गाळ्यात, दर गिऱ्हाइकाला दणका ऐकविण्यासाठी, ती दिवसभर त्या पेट्यांपाशी उभी असतात. सतरा-अठरा वर्षांची पोरे, ना पगाराचा ठिकाणा, ना कानाला बोळा. परदेशी मोठ्या आवाजाच्या स्पर्धा होतात, तेथे १५० डेसिबलांच्या वर आवाज काढतात, पण त्या वेळी माणूस गाडीच्या बाहेर असतो. आमचा पोरगा गाडीच्या आत असतो. आपण गिऱ्हाईक म्हणून जाल तेव्हा त्याला सांगा, आवाज कमी कर, मला सूर ऐकायचा आहे. कानाच्या बोळ्यांची जोडी थोड्या रुपयांत मिळते. मालकाकडे ती मागण्यात कमीपणा नाही.

काही जण म्हणतील, गाडी माझी, कान माझे, पैसे माझे, तुम्ही कोण? प्रश्न रास्त आहे. कष्टकऱ्याने चांगले संगीत ऐकू नये असे मी कधीही म्हणणार नाही. बारा तास खड्डे आणि धूर यांत काढणाऱ्या माणसाला आवडीचे गाणे भरदार ऐकण्याचा हक्क बड्या गाडीतल्या शेटजीइतकाच आहे. किंबहुना त्याला गरज जास्त आहे. माझा आग्रह एवढाच की, त्याने तो हक्क डोळे उघडे ठेवून वापरावा. फ्यूज पाहून अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, कागद मागून सबवूफर घ्यावा, वायर खरवडून घ्यावी, मीटर लावून जुळवावे. आमच्या कचेरीत आम्ही एक साधा मीटर आणि एक ध्वनिमापक ठेवला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणीही गाडी घेऊन यावे. सभासद असलाच पाहिजे असे नाही. आणि वर्षातून एकदा कानाची तपासणी करून घ्यावी, तिचा कागद जपून ठेवावा. उद्या चालकांसाठी काही मागावयाचे झाले, तर हेच कागद आपल्या बाजूने बोलतील.